ई-२० पेट्रोल: अ‍ॅव्हरेजचं भांडण आणि उसाचं पाणी

काचेच्या मोजपात्रात शंभर मिलिलिटर पेट्रोल घ्यायचं, त्यात वीस मिलिलिटर नळाचं पाणी ओतायचं, बूच लावून खळाखळा हलवायचं आणि दोन-चार मिनिटं ठेवून द्यायचं. पेट्रोल हलकं, पाणी जड, त्यामुळे दोन थर पडतात. तळाशी वीस मिलिलिटर पाणी दिसायला हवं, पण दिसतं चाळिसाच्या आसपास. व्हिडिओ काढणारा ओरडतो, ‘‘बघा, पंपवाल्यानं पेट्रोलमध्ये पाणी घातलंय!’’ आणि तो व्हिडिओ सोसायटीच्या, शाळेच्या, नातेवाइकांच्या, सगळ्या ग्रुपवर फिरून येतो.

पंपवाल्याची बाजू घ्यायची मला हौस नाही, पण या प्रयोगात तो निर्दोष आहे. तळाचे जादा वीस मिलिलिटर म्हणजे पेट्रोलमध्ये आधीपासून असलेलं इथेनॉल. पेट्रोलपेक्षा पाण्याची ओढ त्याला जास्त, त्यामुळे पाणी दिसताच ते पेट्रोल सोडून खाली उतरतं. म्हणजे व्हिडिओतून सिद्ध एवढंच होतं की पंपावर जे मिळायला हवं होतं तेच मिळालं. (स्वयंपाकघरात गॅसच्या शेजारी हा प्रयोग करू नका, हे वेगळं सांगायला नको.)

वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, म्हणजे ई-२० चा, हा वाद ऑगस्ट २०२५ पासून पेटलेला आहे. पेट्रोलियम मंत्रालयानं त्या एका महिन्यात दोनदा खुलासे काढले. इथेनॉलविरहित पेट्रोलचाही पर्याय द्या, अशी मागणी करणारी जनहित याचिका सर्वोच्च न्यायालयानं १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तरी गॅरेजमध्ये, चहाच्या टपरीवर आणि लग्नाच्या पंगतीत भांडण चालूच आहे. एक बाजू म्हणते गाड्यांची वाट लागली, दुसरी म्हणते हा तेल लॉबीचा अपप्रचार. नितीन गडकरींनी तर ही आपल्याविरुद्ध पैसे देऊन चालवलेली मोहीम असल्याचं म्हटलं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. इंजिनाबद्दलच्या बहुतेक प्रश्नांना बऱ्यापैकी ठाम उत्तरं आहेत आणि ती दोन्ही बाजूंना थोडी थोडी गैरसोयीची आहेत. पण इंजिनावरच एवढा आरडाओरडा होतो, की पैसा कोणाच्या खिशातून जातो आणि पाणी कोणाच्या विहिरीतून, हे दोन मोठे प्रश्न मागे पडतात.

हे इथेनॉल आलं कुठून?

इथेनॉल म्हणजे अल्कोहोल, दारूत असतं तेच. साखर किंवा पिष्ट असलेला कुठलाही पदार्थ आंबवला आणि ऊर्ध्वपातन केलं की ते मिळतं. आपल्याकडे ते उसाच्या मळीपासून, थेट उसाच्या रसापासून, तांदळापासून आणि मक्यापासून बनतं. त्यातलं पाणी जवळजवळ पूर्ण काढून टाकलं की ते पेट्रोलमध्ये मिसळता येतं. दहा टक्के मिसळलं तर ई-१०, वीस टक्के मिसळलं तर ई-२०. इतकीच परिभाषा पुरे.

ही कल्पना काल-परवाची नाही आणि तिची सुरुवात आपल्या दारातच झाली. २००१ मध्ये देशात पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत मिरज आणि मनमाड होते. जानेवारी २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढची दहा वर्षं तो कागदावर जास्त आणि टाकीत कमी होता. २०१४ मध्ये देशाची सरासरी होती जेमतेम दीड टक्का. मग वेग आला. जून २०२२ मध्ये दहा टक्के गाठले, फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडक पंपांवर ई-२० आलं आणि २०२५ मध्ये वीस टक्के जवळजवळ सगळीकडे पोचलं. मूळ उद्दिष्ट २०३० चं होतं, ते पाच वर्षं अलीकडे ओढलं.

आजच्या अर्ध्या तक्रारी या घाईतून आल्या आहेत. कारण रस्त्यावरच्या गाड्या पंपाच्या वेगानं बदलत नाहीत. ई-२० सहन करणारे रबर-प्लास्टिकचे भाग असलेल्या गाड्या आल्या एप्रिल २०२३ पासून, आणि ई-२० साठी इंजिनाची जुळणी केलेल्या गाड्या एप्रिल २०२५ पासून. तुमची-आमची दहा वर्षांची स्कूटर या दोन्हींत बसत नाही.

अ‍ॅव्हरेज खरंच पडतं का?

पडतं. यात वाद घालण्यासारखं काही नाही, कारण हा साधा गुणाकार आहे.

एक लिटर पेट्रोल जाळलं तर सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा मिळते, एक लिटर इथेनॉल जाळलं तर सुमारे २१. म्हणजे इथेनॉलमध्ये साधारण एकतृतीयांश दम कमी. डब्यात पाच पोळ्या असतात, त्यातली एक फुलक्याएवढी केली तर मोजायला पाचच भरतात, पोट मात्र थोडं रिकामं राहतं. ई-२० चं तेच आहे. चार भाग पेट्रोल आणि एक भाग इथेनॉल यांची बेरीज येते २९.८ मेगाज्यूल. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत तूट सुमारे सात टक्के, ई-१० च्या तुलनेत साडेतीन टक्क्यांच्या आसपास.

नीती आयोगाच्या जून २०२१ च्या आराखड्यात हेच आकडे होते. शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई-१० साठी जुळवलेल्या मोटारींमध्ये सहा ते सात टक्के घट, तशाच दुचाकींमध्ये तीन ते चार टक्के, आणि ई-१० साठी बनवून ई-२० साठी जुळवलेल्या मोटारींमध्ये एक ते दोन टक्के. मंत्रालयानं २०२५ मध्ये या शेवटच्या गटासाठी एक-दोन टक्के आणि बाकीच्यांसाठी तीन ते सहा टक्के, असं मान्य केलं. म्हणजे ‘काहीच फरक पडत नाही’ असं जे म्हणतात, त्यांचं सरकारशीही पटत नाही.

नव्या गाड्यांत घट कमी का? इथेनॉलचं ऑक्टेन पेट्रोलपेक्षा जास्त असतं. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली वेळेआधी भडका न उडण्याची क्षमता. इंजिन त्या हिशेबानं बनवलं असेल तर ते मिश्रणाला जास्त दाबू शकतं, ठिणगी थोडी आधी टाकू शकतं आणि गेलेला दम अंशतः भरून काढतं. जुन्या इंजिनाला हे जमत नाही, त्यामुळे ऑक्टेन वाढल्याचा त्याला फारसा उपयोग नाही.

रुपयांत बघू. स्कूटर ४५ चं अ‍ॅव्हरेज देते, महिन्याला ६०० किलोमीटर फिरते, घट सहा टक्के धरली, पेट्रोल १०४ रुपये. जादा खर्च महिन्याला ९० रुपयांच्या आत. मोटार १५ चं देते, महिन्याला १००० किलोमीटर, तर सव्वाचारशे ते साडेचारशे. आणि हा फरक शुद्ध पेट्रोलशी तुलना करून. आपण ई-२० च्या आधी ई-१० भरतच होतो, त्यामुळे अलीकडे जाणवलेली वाढ याच्या निम्मी असायला हवी.

‘‘सहा कसले, माझं तर तीस टक्के पडलंय!’’

हा आक्षेप प्रत्येक चर्चेत येतो, आणि म्हणणारा खोटं बोलत असतो असंही नाही. पण एक क्षण थांबून विचार करा. समजा इथेनॉल अजिबात जळतच नाही, ते निव्वळ पाणी आहे. तर लिटरमधलं ८०० मिलिलिटर पेट्रोलच काम करेल आणि घट होईल वीस टक्के. इथेनॉल पूर्णपणे निकामी धरूनही वीसच्या पुढे जाता येत नाही. मग तीस टक्के आले, तर त्यात दुसरं काहीतरी मिसळलंय: टायरची हवा, चिकटलेला ब्रेक, जुना एअर फिल्टर, मेट्रोच्या कामामुळे वाढलेलं ट्रॅफिक, किंवा टाकी फुल करून एकदाच काढलेला हिशेब. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नये.

एक अपवाद मात्र खरा आहे, कार्ब्युरेटरच्या गाड्यांचा. पेट्रोलच्या प्रत्येक किलोला जळण्यासाठी १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ किलो. त्यामुळे ई-२० ला शुद्ध पेट्रोलपेक्षा हवा कमी, किंवा उलट बाजूनं बघायचं तर तेवढ्याच हवेला इंधन जास्त लागतं. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपात एक सेन्सर असतो. धुरात प्राणवायू उरला की तो गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरमध्ये असं कोणी सांगणारं नसतं. जेटचं भोक जेवढं तेवढंच पेट्रोल येणार. मग मिश्रण पातळ होतं, सकाळी चोक ओढूनही गाडी पटकन उचलत नाही, ‘मिसिंग’ करते, आणि चालवणारा सवयीनं थ्रॉटल जास्त पिळतो. एप्रिल २०२० मध्ये धुराच्या प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू होईपर्यंत आपल्याकडच्या बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटरच्याच होत्या. चांगला मेकॅनिक स्क्रू फिरवून किंवा जेट बदलून हे बरंचसं सुधारतो.

इंजिन खराब होतं का?

‘इंजिन’ हा शब्द इथे चुकीच्या जागी बोट दाखवतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, क्रँक यांना वीस टक्के इथेनॉलचं फार भय नाही. त्रास होतो तो टाकीपासून इंजिनापर्यंतच्या वाटेवर. जुन्या रबरी नळ्या, ओ-रिंग, गॅस्केट, कार्ब्युरेटरचा डायफ्राम हे भाग इथेनॉलमध्ये फुगतात किंवा कडक होऊन तडकतात. पितळ, जस्त आणि अ‍ॅल्युमिनियमच्या काही भागांना गंज चढू शकतो. शिवाय इथेनॉल उत्तम द्रावक आहे. वर्षानुवर्षं टाकीच्या तळाशी बसलेला चिकटा ते सोडवतं आणि तो सगळा पुढे फिल्टरमध्ये जाऊन अडकतो. जुन्या गाडीत ई-२० सुरू झाल्यावर पहिल्या काही टाक्यांतच फिल्टर चोक झाला, तर त्याचं कारण हे असू शकतं.

मंत्रालयाचं म्हणणं असं, की काही जुन्या गाड्यांमध्ये वीस ते तीस हजार किलोमीटरनंतर रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात, आणि तो खर्च किरकोळ असतो. पुण्याची वाहन संशोधन संस्था एआरएआय, डेहराडूनची पेट्रोलियम संस्था आणि इंडियन ऑइल यांनी केलेल्या चाचण्यांचा आधारही दिला जातो. चाचण्यांवर माझा अविश्वास नाही. पण ‘किरकोळ’ हे कोणासाठी, हा प्रश्न विचारायला हवा. मोटारवाल्याला किरकोळ असलेलं बिल दहा वर्षं जुन्या मोटारसायकलवर दूध घालणाऱ्याला किरकोळ नसतं. आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘ई-१० पर्यंत’ असं छापलेलं असताना ई-२० भरावं लागतं, तेव्हा वॉरंटीची भीती वाटणं हा काही अपप्रचार नव्हे.

पावसाळ्याचा मुद्दा वेगळा. इथेनॉल हवेतली ओल शोषतं. थोडी ओल असेल तर ती मिश्रणात विरघळून जळून जाते, आणि ई-१० पेक्षा ई-२० जास्त पाणी पोटात घेऊ शकतं. पण मर्यादा ओलांडली की मोजपात्रात होतं तेच टाकीत होतं: इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाला बसतात, आणि पेट्रोल ओढणारी नळीही तळालाच असते. रोज चालणाऱ्या गाडीत असं व्हायला वेळ मिळत नाही. कोकणात जून ते सप्टेंबर अर्ध्या टाकीवर झाकून ठेवलेल्या गाडीत होऊ शकतं. पंपाच्या जमिनीखालच्या टाकीत पावसाचं पाणी झिरपलं तर तिथे तर नक्कीच होतं, आणि त्या दिवशी त्या पंपावर भरलेल्या सगळ्याच गाड्या रस्त्यात बंद पडतात. तो दोष मिश्रणाचा नाही, गळक्या टाकीचा आहे. पण इथेनॉल नसतं तर पाणी वेगळं राहिलं असतं आणि पंपाला ते तपासून उपसणं सोपं गेलं असतं. म्हणून ई-२० च्या जमान्यात पंपांची देखभाल पूर्वीपेक्षा कडक हवी.

दम कमी, मग भाव कमी का नाही?

फुलक्याएवढ्या पोळीचे पैसे पूर्ण पोळीचे का, हा ग्राहकाचा सगळ्यात रास्त प्रश्न आहे. गंमत म्हणजे नीती आयोगाच्या त्या आराखड्यातच सुचवलं होतं की कमी ऊर्जेची भरपाई म्हणून मिश्रित इंधन साध्या पेट्रोलपेक्षा स्वस्त असावं, त्यासाठी कर सवलत द्यावी. जुन्या गाड्यांसाठी ई-१० हे ‘संरक्षक’ इंधन म्हणून पंपावर चालू ठेवावं, असंही होतं. आकडे आराखड्यातून घेतले गेले, या दोन सूचना मात्र वाटेत गळाल्या.

सरकारचं उत्तर असं: तो आराखडा लिहिला तेव्हा इथेनॉल पेट्रोलपेक्षा स्वस्त होतं, आता राहिलं नाही. हे खरं आहे. २०२४-२५ मध्ये सी-हेवी मळीच्या, म्हणजे साखर पूर्ण काढून उरलेल्या मळीच्या, इथेनॉलला लिटरमागे ५७.९७ रुपये भाव होता. बी-हेवी, म्हणजे थोडी साखर मुद्दाम शिल्लक ठेवलेल्या मळीच्या, इथेनॉलला ६०.७३, उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलला ६५.६१ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये. वाहतूक आणि जीएसटी धरून जुलै २०२५ अखेरची सरासरी ७१.३२ रुपये. करांआधीचं पेट्रोल याहून स्वस्त पडतं. थोडक्यात, जास्त पैसे देऊन कमी दमाचं इंधन विकत घेतलं जातंय, आणि फरक शेवटी आपल्याच खिशातून जातो.

पण ‘इथेनॉल महाग म्हणून ई-२० स्वस्त करता येत नाही’ हे उत्तर अर्धंच आहे. पेट्रोलच्या पंपावरच्या किमतीत केंद्राचा आणि राज्याचा कर मोठा आहे. देशहितासाठी ग्राहकानं सहा टक्के सोसावं असं वाटत असेल, तर कराचे दोन-चार रुपये सोडणंही देशहितातच बसतं.

फायदा शेतकऱ्याला होतो का?

इथे सावकाश जायला हवं, कारण ‘शेतकरी’ या एका शब्दात उसवाला, मकावाला आणि सोयाबीनवाला असे तिघं दडलेत आणि तिघांचं गणित वेगळं आहे.

उसापासून सुरू करू. एक टन उसापासून साधारण शंभर किलो साखर निघते, नाहीतर सत्तर लिटर इथेनॉल. साखर अलीकडच्या भावानं विकली तर ३,८०० रुपयांच्या पुढे, वर मळी उरते. रसाचं इथेनॉल विकलं तर ४,६०० च्या जवळ. फरक आहे, पण डोळे दिपवणारा नाही. खरा फरक वेळेचा. साखर गोदामात महिनोन्‌महिने पडून राहते, कारखाना बँकेकडून तारण कर्ज घेतो आणि व्याज भरतो. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला, तर उसाची एफआरपी म्हणजे रास्त आणि किफायतशीर भाव त्यानंतर वाढत वाढत २०२५-२६ साठी क्विंटलला ३५५ रुपये झाला. उलट इथेनॉलचे पैसे तेल कंपन्या काही आठवड्यांत देतात. ऊस तुटल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यायची असा कायदा आहे. ज्यांनी थकीत बिलासाठी कारखान्याच्या गेटवर आंदोलनं केलीत, त्यांना या वेळेच्या पैशाची किंमत सांगावी लागत नाही. त्या अर्थानं इथेनॉलनं ऊसपट्ट्याला हात दिला, हे मान्य करायलाच हवं.

पण हा हात सरकारच्या मर्जीवर आहे. २०२३ चा पाऊस कमी झाला, साखर कमी पडण्याची भीती वाटली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये ऐन गाळप हंगामात केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. आठवडाभरात ती सैल करून सतरा लाख टन साखरेएवढी मर्यादा दिली. तोवर अनेक कारखान्यांनी कोट्यवधींची कर्जं काढून डिस्टिलऱ्या उभ्या केल्या होत्या.

उसाची ही अडचण मक्याच्या पथ्यावर पडली. आज देशातलं निम्म्याहून जास्त इथेनॉल धान्यापासून येतं, त्यातही मक्याचा वाटा मोठा. म्हणजे ‘ई-२० ही साखरसम्राटांची योजना’ हा पारावरचा लाडका सिद्धांत आता जुना झाला. साखर कारखानेच तक्रार करतायत की आपला वाटा घटला. मकावाल्याला भाव मिळाला, चांगलं झालं. पण तोच मका कोंबड्यांचं खाद्य आहे. खाद्य महागलं म्हणून पोल्ट्रीवाले ओरडू लागले, आणि एके काळी मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये निव्वळ आयातदार झाला. पेट्रोलची आयात कमी करायची आणि मका आयात करायचा, हा हिशेब जरा विचित्रच.

आणि तिसरा, सोयाबीनवाला. धान्यापासून इथेनॉल काढल्यावर प्रथिनांनी भरलेला चोथा उरतो, व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. तो पशुखाद्यात स्वस्तात जातो आणि सोयापेंडेची जागा घेतो. सोयापेंडेला उठाव नाही की सोयाबीन पडतं. २०२४-२५ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि लातूर, अकोल्याच्या बाजारात भाव बराच काळ त्याच्या खाली होता. सगळा दोष डीडीजीएसचा नाही, जागतिक बाजारही मंदीत होता. पण मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्याला ‘इथेनॉल शेतकऱ्याच्या फायद्याचं’ असं सांगताना कोणत्या शेतकऱ्याच्या, हे सांगायला हवं.

आणि पाणी?

नीती आयोगाच्याच आराखड्यातला आकडा: उसापासून एक लिटर इथेनॉल म्हणजे शेतात सुमारे २,८६० लिटर पाणी. ई-२० च्या एका लिटरमध्ये २०० मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे ते उसाचं असेल तर त्यामागे सुमारे ५७० लिटर पाणी. पाच लिटरची टाकी भरली की जवळपास तीन हजार लिटर.

यावरचा आक्षेप बरोबर आहे: सी-हेवी मळी ही साखर काढून उरलेली असते, तिच्यासाठी वेगळा ऊस लावत नाहीत, मग सगळं पाणी इथेनॉलच्या माथी का मारायचं? नाहीच मारायचं. पण वीस टक्क्यांची गरज नुसत्या मळीनं भागत नाही, म्हणून तर रस आणि धान्य आलं. शिवाय महाराष्ट्रात प्रश्न एकेका लिटरचा नाही, सवयीचा आहे. राज्याच्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा अगदी थोडा, सिंचनाच्या पाण्यात मात्र तो सिंहाचा. साखरेचा भाव पडला असता तर कधीतरी ऊस कमी झाला असता, निदान दुष्काळी पट्ट्यात. इथेनॉलच्या खात्रीच्या गिऱ्हाइकामुळे तो दबाव गेला.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं. ते गेलं मिरजेहून, म्हणजे इथेनॉलचा प्रयोग ज्या गावात पंधरा वर्षांपूर्वी झाला होता तिथूनच. पाणी जिथे उतरलं, त्या मांजरा खोऱ्यातही साखर कारखाने आहेत.

पण तेलाची आयात तर वाचते ना?

वाचते. २०१४-१५ पासून जुलै २०२५ पर्यंत १ लाख ४४ हजार कोटींहून जास्त परकीय चलन वाचलं, असं सरकार सांगतं. ही रक्कम लहान नाही. फक्त दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वीस टक्के इथेनॉल म्हणजे वीस टक्के पेट्रोल वाचलं असं नव्हे. ऊर्जेच्या हिशेबानं ते चौदा टक्क्यांच्या आसपास येतं. आणि आपला देश पेट्रोलच्या दुपटीहून जास्त डिझेल जाळतो, त्याला या योजनेचा स्पर्श नाही.

प्रदूषणाचंही असंच, चित्र मिश्र आहे. इथेनॉल जळून निघालेला कार्बन पिकानं हवेतूनच घेतलेला असतो, त्यामुळे पेरणीपासून धुरापर्यंतचा हिशेब केला तर उसाचं इथेनॉल पेट्रोलपेक्षा ६५ टक्के आणि मक्याचं ५० टक्के कमी हरितगृह वायू सोडतं, असा सरकारी अंदाज आहे. कार्बन मोनॉक्साइड घटतो, अ‍ॅसिटाल्डिहाइडसारखे काही त्रासदायक वायू वाढतात.

ब्राझीलला जमतं ते आपल्याला का नाही?

ई-२० च्या बाजूनं बोलणारा प्रत्येक जण ब्राझीलचं नाव घेतो. त्यांनी १९७५ मध्ये सुरुवात केली, २०१५ मध्ये २७ टक्क्यांवर गेले आणि ऑगस्ट २०२५ पासून ३० टक्के. मुबलक पाऊस आणि मुबलक जमीन हा फरक आहेच. पण मला महत्त्वाचा वाटतो तो दुसरा फरक. तिथे २००३ पासून कुठल्याही प्रमाणात इथेनॉल चालणाऱ्या ‘फ्लेक्स फ्युएल’ गाड्या मिळतात, आणि पंपावर मिश्रित पेट्रोल आणि निव्वळ इथेनॉल शेजारी शेजारी, वेगवेगळ्या भावानं विकलं जातं. इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांहून कमी असेल तर इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल, हा आडाखा तिथल्या सामान्य चालकाला पाठ असतो. कमी दमाच्या मालाला कमी भाव, हे तिथे गृहीत धरलेलं आहे. आपण त्यांचं मिश्रण उचललं, भावाची पाटी उचलायची राहिली.

सध्या काय करावं, आणि पुढे काय?

एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल तर निश्चिंत राहा. त्याआधीची इंजेक्शनची असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी फ्युएल होज आणि फिल्टर बघायला सांगा, एवढं पुरतं. कार्ब्युरेटरची असेल तर एकदा ट्यूनिंग करून घ्या. महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी रिकामी तरी करा किंवा काठोकाठ भरा, म्हणजे आत ओलसर हवेला जागा राहत नाही. कार्ब्युरेटरचा फ्लोट बाउल, म्हणजे पेट्रोल साठणारी छोटी वाटी, तीही मोकळी करून ठेवा. ‘इथेनॉल काढून टाकणारं’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही औषध टाकीत ओतू नका. इथेनॉल वेगळं निघतं ते पाणी घातल्यावर, आणि तो प्रयोग टाकीत नको.

सरकारनं सध्या ई-२० चा शब्द ३१ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा दिलेला आहे. त्यानंतरच्या प्रमाणाचा निर्णय मंत्रालयांच्या समितीच्या अहवालावर होईल, आणि २७ टक्क्यांची चर्चा आधीच सुरू आहे. ई-२७ चा दम ई-२० पेक्षा आणखी अडीच टक्क्यांनी कमी भरतो. आकडा छोटाच आहे. पण ज्यांनी २०२५ मध्ये ‘ई-२० साठी तयार’ असा स्टिकर बघून हौसेनं नवी गाडी घेतली, त्यांच्या मॅन्युअलमध्ये २७ हा आकडा नाही. तो पंपावर येण्याआधी या गाड्यांसाठी ई-२० ची वेगळी नळी राहणार का, आणि तिच्यावर भाव वेगळा लिहिलेला असणार का, हे त्या समितीकडून आताच लेखी घ्यायला हवं.